कुणाला किती सांगायचं: कुपवाड-मिरजेच्या नव्या सुपरवायझरसाठी

कुपवाड नाहीतर मिरज एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये डिप्लोमा झालेला पंचविशीचा मुलगा सुपरवायझर होतो. त्याच्या शिफ्टला आयटीआयचा नवा अप्रेंटिस असतो आणि वीस वर्षं लेथवर काढलेले आप्पाही असतात. दोघांना एकाच मापानं वागवलं की एकतर रिजेक्शन वाढतं, नाहीतर आप्पांचं मन उडतं.

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९६९ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. साहेबाचा स्वभाव कडक आहे की मवाळ, यावरून पद्धत ठरवायची नाही. समोरच्याची त्या कामातली तयारी बघून चार पद्धतींतली एक ठरवायची: सांगणं, कारण देऊन सांगणं, विचारून घेणं आणि सोपवणं. 'त्या कामातली' हे शब्द बहुतेक जण विसरतात आणि माणसावरच शिक्का मारून बसतात.

म्हणून आधी कागद घ्या. उभ्या रांगेत माणसं लिहा, आडव्या रांगेत कामं: जॉब (मशीनवरचा नग) लावणं-काढणं, मायक्रोमीटरनं मोजणं, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) बदलणं, ऑफसेट (माप सुधारायला हत्यार किती सरकवायचं तो आकडा) देणं, नवीन सेटिंग. आठ माणसं आणि पाच कामं म्हणजे चाळीस चौकोन. प्रत्येक चौकोनाला दोनच प्रश्न विचारा: जमतं का, आणि न सांगता करतो का? उत्तर आठवणीवरून भरू नका. मागचे पाच फर्स्ट पीस (सेटिंगनंतर तपासायचा पहिला नग) कुणी लावले, त्यातले किती पहिल्या फटक्यात पास झाले, हे इन्स्पेक्शनच्या नोंदीत बघा. एक-दोन शिफ्ट जातील, पण पुढचं सगळं या कागदावर उभं आहे.

ज्या चौकोनात 'जमत नाही' आलं, तिथे नेमकं सांगायचं. मोघम सूचना इथे सर्वात महाग पडते. 'साइज बघून ऑफसेट दे' म्हटलं की अप्रेंटिस मान हलवतो आणि चिन्ह चुकवतो. त्याऐवजी म्हणा, "हे बघ, बाहेरचा व्यास ०.०५ मिमी जाड येतोय, म्हणून एक्सच्या वेअर ऑफसेटमध्ये उणे ०.०५. बोअर, म्हणजे आतलं भोक, तेवढंच लहान आलं असतं, तर अधिक. आता तू मला सांग, का?" आकडा त्यानं बोलून दाखवायचा, तुम्ही स्क्रीन बघायची, मगच सायकल स्टार्ट. बाहेरच्या व्यासाला चिन्ह चुकून जॉब आणखी जाड झाला तर निदान पुन्हा घेता येतो. जास्त कापला गेला की थेट भंगार. हे कारण एकदा कळलं की चिन्ह लक्षात राहतं. लागोपाठ दहा वेळा बरोबर आलं की पुढची पायरी.

थोडं जमतं पण चुकांनी धीर सुटलाय, अशाला सूचना चालूच ठेवायच्या, फक्त प्रत्येकीबरोबर कारण द्यायचं आणि त्याला प्रश्न विचारू द्यायचे. उत्तम जमतं, तरी स्वतःहून हात घालत नाही, तिथे मात्र शिकवायला गेलात तर अपमान होतो. "आप्पा, या कास्टिंगला चॅटर येतंय, तुम्ही काय कराल?" (चॅटर म्हणजे कापताना होणारी थरथर) असं विचारा आणि सांगितलेला उपाय करून बघा. विचारून घ्यायचं आणि शेवटी आपलंच करायचं, असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी आप्पा "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात. मग त्यांचा अनुभव तुमच्या हाती लागत नाही.

चौथी पद्धत सोपवण्याची. इथे तीन गोष्टी आधी ठरवा: किती नग, कोणत्या मापात, आणि कोणती अडचण आली तर फोन करायचा. सोपवणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. १९३९ मध्ये मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी सहकाऱ्यांसह मुलांच्या गटांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मोकळ्या सोडलेल्या गटाचं काम सर्वात कमी झालं. हुकमावर चालणारा गट म्होरक्या बाहेर गेला की थंडावला, आणि विचारविनिमयानं चालणारा गट बहुतांशी चालू राहिला. तुम्ही नसलेल्या रात्रपाळीचं उत्पादन दिवसपाळीशी ताडून बघा, आपली शिफ्ट कशावर चालते ते तिथे दिसेल.

विश्वास टाकण्याच्या बाबतीत आपल्या भागात जुना दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि शिक्षा भोगलेल्या माणसांवर वसाहतीची राखण सोपवली. माणूस मुळात जबाबदारी घेतो, हे गृहीतक व्यवस्थापनाचे अभ्यासक डग्लस मॅकग्रेगर यांनी 'थिअरी वाय' म्हणून मांडलं ते १९६० मध्ये.

नेहमीची चूक म्हणजे 'सांगणं' वरून थेट 'सोपवणं'. डिस्पॅचची घाई असते, अप्रेंटिसनं चार जॉब बरे काढलेले असतात, आणि त्याला एकट्याला मशीन दिलं जातं. इन्सर्ट झिजायला लागल्यावर साइज सरकते. ते त्यानं कधी पाहिलेलंच नसतं, त्यामुळे सगळी ट्रे हातची जाते. मधल्या दोन पायऱ्या टाळू नका.

कागद पेन्सिलीनं भरा, कारण तो बदलतो. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलरवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) हात बसलेले आप्पा सीमेन्सच्या कंट्रोलरवर आले की त्यांचा 'ऑफसेट'चा चौकोन पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, बाकीचे चौकोन तसेच राहतात. हे त्यांना अप्रेंटिससमोर सांगू नका. शिफ्ट सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं बोलवा, स्क्रीनवरचे फरक दाखवा आणि पहिले दोन फर्स्ट पीस बरोबर उभं राहून काढा.