सिम्युलेटरवर ड्रिफ्ट शिकताय? हात सैल सोडा, रेस सोडू नका

ड्रिफ्ट म्हणजे गाडीची मागची बाजू मुद्दाम घसरवत वळण घेणं. ते शिकायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली तक्रार एकच असते: गाडी घसरते खरी, पण पुढच्याच क्षणी गर्रकन फिरून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहते. मग माणूस स्टिअरिंग आणखी जोरात, आणखी लवकर उलटं मारायला लागतो, आणि गाडी आणखी लवकर फिरते. ड्रिफ्टमध्ये स्टिअरिंग बऱ्याच अंशी स्वतःहून फिरतं. त्याला अडवायचं नाही आणि रेसवरचा (ॲक्सिलरेटरवरचा) उजवा पाय शांत ठेवायचा, एवढंच आपल्या हातात. खालच्या बहुतेक चुका या दोन गोष्टींच्या आड येणाऱ्या आहेत.

सगळं असेटो कोर्सा या गाड्यांच्या सिम्युलेटर गेमला धरून लिहिलं आहे, २०१४ साली आलेल्या मूळ गेमला. गेम जुना झाला, पण मॉडमुळे (खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या जादा गाड्या, ट्रॅक वगैरेंमुळे) ड्रिफ्टवाले अजून तिथेच आहेत. कंटेंट मॅनेजर (गेम आणि मॉड सांभाळणारा प्रोग्राम) आणि कस्टम शेडर्स पॅच (गेममध्ये जादा सोयी घालणारा मॉड) आधी टाकून घ्या.

स्टिअरिंग स्वतःहून फिरतं का, हे आधी बघा

ऑफिसच्या खुर्चीची चाकं आठवा. खुर्ची ज्या दिशेला ढकलाल तिकडे ती आपोआप वळतात. गाडीच्या पुढच्या चाकांचं साधारण तसंच असतं. मागची बाजू बाहेर गेली की गाडीचं नाक एकीकडे आणि गाडीचा प्रवास दुसरीकडे होतो. पुढची चाकं प्रवासाच्या दिशेला वळू बघतात आणि त्यासोबत स्टिअरिंगही ओढलं जातं. सिम्युलेटरमध्ये हे काम फोर्स फीडबॅकची, म्हणजे टायरवरचा जोर स्टिअरिंगमधून हाताला जाणवून देणारी, मोटर करते. मोटरला ते जमत नसेल तर तुम्ही कितीही सराव करा, पाण्यात काठी मारल्यासारखं होईल.

तपासायला दोन मिनिटं लागतात. गेमसोबत येणारा ‘ड्रिफ्ट’ नावाचा ट्रॅक आणि बीएमडब्ल्यू एम ३ ई ९२ ची ड्रिफ्ट आवृत्ती घ्या. मोकळ्या जागेत दुसऱ्या गिअरमध्ये ३० च्या आसपास वेगाने जा, स्टिअरिंग अर्धा वेढा वळवा, रेस पूर्ण दाबा आणि मागची बाजू सुटली की हात काढून घ्या. स्टिअरिंग झपकन उलट्या बाजूला जायला हवं. ते आळसावल्यासारखं हळूहळू गेलं किंवा मध्येच अडलं, तर दोष सेटिंगमध्ये आहे. डायरेक्ट ड्राइव्ह बेस (स्टिअरिंग थेट मोटरला जोडलेला संच) असेल तर अंगठे आऱ्यांच्या आत अडकवून बसू नका. ५-६ न्यूटन मीटरचा बेससुद्धा अंगठा मुरगाळू शकतो.

स्टिअरिंग आळसावत असेल तर या क्रमाने बघा. कॉम्प्युटरवरच्या स्टिअरिंगच्या सॉफ्टवेअरमधली (ड्रायव्हरमधली) सेंटरिंग स्प्रिंग बंद करा, कारण ती स्टिअरिंगला सतत मध्याकडे ओढते. स्टिअरिंग जड करणारे डॅम्पिंग, फ्रिक्शन आणि इनर्शिया कमीत कमी ठेवा. लॅप मारणाऱ्यांचं तयार प्रोफाइल उचललं की हे तिन्ही हमखास जास्त निघतात. मोझा कंपनीच्या बेससारख्यांत स्टिअरिंगच्या कमाल वेगाची मर्यादा वेगळी असते, ती खाली आणलेली नाही ना ते पाहा. गेमच्या कंट्रोल्समध्ये स्टिअरिंग गॅमा १, आणि फिल्टर व स्पीड सेन्सिटिव्हिटी दोन्ही शून्य. एवढं करूनही फरक पडला नाही तर कस्टम शेडर्स पॅचमधल्या एफएफबी (फोर्स फीडबॅक) ट्वीक्समध्ये जायरोचा पर्याय आहे, तो चालू करून बघा.

मग गेन, म्हणजे फोर्स फीडबॅकची ताकद. गेममधल्या पेडल्सच्या छोट्या ॲपमध्ये क्लच, ब्रेक आणि रेस यांच्या शेजारी फोर्स फीडबॅकची पट्टी असते. ती लाल होते तेव्हा मोटरकडे द्यायला आणखी ताकद उरलेली नसते आणि तेवढा वेळ तुम्हाला टायरची काहीच बातमी मिळत नाही. न्यूमपॅडवरच्या अधिक-उणे कळांनी त्या गाडीपुरता गेन कमी-जास्त होतो. क्वचित धक्क्याला पट्टी लाल झाली तर चालेल, संपूर्ण वळणभर लाल नको.

लॉजिटेक जी २९ सारख्या, आतल्या दातेरी चाकांवर चालणाऱ्या स्टिअरिंगची मोटर मुळातच हळू आणि साधारण २ न्यूटन मीटरची. तिच्यावर ड्रिफ्ट शिकता येत नाही हा गैरसमज आहे. फक्त तिला हाताने थोडी मदत करावी लागते. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश फिरतं. तेवढ्यावर ती अगदीच मागे पडत असेल तर ७२० करा. ५४० किंवा त्याखाली मात्र सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी थरथरायला लागते. अंश बदलले की ड्रायव्हर आणि गेम दोन्हीकडे तोच आकडा द्या. हातातलं स्टिअरिंग काटकोनात वळवलं की पडद्यावरचंही काटकोनातच यायला हवं.

गेमची ‘मदत’ बंद करा

असिस्टच्या पानावरचं स्टॅबिलिटी कंट्रोल ० टक्के करा. हे विसरणारे इतके असतात की गाडी घसरायलाच तयार नसेल तर आधी तिथेच बघावं. कंट्रोल आणि टी दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. ऑटो क्लच आणि ऑटो गिअरही बंद. क्लच स्वतःच्या पायात नसेल तर पुढचं अर्धं शिक्षण होणारच नाही.

पहिल्याच दिवशी राक्षस घेऊ नका

हजार हॉर्सपॉवरची मॉडगाडी दिसायला भारी, पण तिच्यात रेसला नुसता पाय लागला तरी चाकं गरगरतात आणि पायाला मोजमाप शिकायला वावच मिळत नाही. दुसऱ्या टोकाला टोयोटा एई ८६. तिचं इंजिन १.६ लिटरचं. वेग पडला की ड्रिफ्ट संपला, म्हणून ती सुंदर असली तरी नंतरची गाडी. सुरुवातीला २५० ते ४०० हॉर्सपॉवर, मागच्या चाकांवर चालणारी आणि साधे रस्त्याचे टायर असलेली गाडी घ्या. सेमीस्लिक (रेसिंगसारखे जास्त चिकटणारे टायर) लावू नका.

आपल्याकडच्या वाचकाला एक जादा अडचण आहे. स्विफ्ट, वॅगन आर, आय २० या सगळ्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांत रेस जास्त झाली तर गाडी नाकासमोर बाहेर जाते. मागच्या चाकांवरच्या गाडीत तीच रेस शेपूट फिरवते. पद्मिनी टॅक्सी किंवा ओम्नी पावसात चालवलेल्यांना यात नवल वाटणार नाही, बाकीच्यांना पायाची सवय मुळापासून बदलावी लागते.

ट्रॅकचंही तेच. जपानच्या फुकुशिमातल्या एबिसू सर्किटच्या मिनामी कोर्सची उडी आणि शेजारची भिंत व्हिडिओत बघितली की सगळे थेट तिकडे धावतात. भिंतीजवळ हात आखडतात आणि आखडलेल्या हातांत स्टिअरिंग फिरत नाही.

खरी चूक: घाबरून रेस सोडणे

ही चूक जरा जवळून बघू. गाडी डावीकडे वळतेय, मागची बाजू उजवीकडे निघाली, स्टिअरिंग आपोआप उजवीकडे गेलं. कोन वाढतोय असं वाटलं आणि तुम्ही रेसवरचा पाय पूर्ण उचलला. मागची चाकं गरगरायची थांबली आणि त्याच क्षणी टायरनी रस्ता धरला. पुढची चाकं मात्र अजून उजवीकडेच वळलेली आहेत. झालं, गाडी उजवीकडे झेप घेते आणि शेपूट डावीकडे फेकलं जातं. आता स्टिअरिंग पूर्ण डावीकडे न्यायला तुमच्याकडे जेमतेम अर्धा सेकंद असतो. तुम्ही म्हणता, हात कमी पडले. चूक पायाची होती.

कोन वाढत असेल तर रेस ८० टक्क्यांवरून ५०-६० वर आणा, शून्यावर नाही. कोन कमी होत असेल तर रेस वाढवा. तेवढ्याने भागलं नाही तर क्लचचा झटका द्या (कसा, ते खाली ‘क्लच किक’मध्ये). इंजिन सतत लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) आदळत असेल तर वरचा गिअर टाका, कारण लिमिटरवर रेस कमी-जास्त करूनही फरक कळत नाही. पहिला गिअर ड्रिफ्टला नसतोच. छोट्या वळणांना दुसरा, मोठ्यांना तिसरा.

हाताची चूक याच्या जोडीला येते. स्टिअरिंग घट्ट धरून ‘काउंटर मारणं’ (उलटं वळवणं) बहुतेक वेळा उशिरा होतं आणि गरजेपेक्षा जास्त होतं. बोटं सैल करा, कड तळव्यातून सरकू द्या आणि हवा तो कोन आला की पकडा. फेकायचं नाही, पकडायचं. पकडायला उशीर झाला की गाडी सरळ होते, लवकर पकडलं की फिरते.

घसरण सुरू करताना

क्लच किक: दुसरा गिअर, ४५-५० चा वेग, ४५०० आरपीएमच्या वर. वळणात नाक घाला, रेस दाबलेलीच ठेवा आणि क्लच फटकन दाबून फटकन सोडा. क्लच दाबताना दुसरा पायही नकळत उठतो, ही इथली नेहमीची चूक. मग आरपीएम पडतात आणि क्लच सुटल्यावर चाकांना झटकाच बसत नाही. पेडल्स ॲपमध्ये बघा, क्लचची पट्टी हलताना रेसची पट्टी जागची ढळता कामा नये.

हँडब्रेक ओढताना क्लच दाबलेला हवा. नाहीतर अडकलेली मागची चाकं इंजिनालाही खाली खेचतात आणि हँडब्रेक सोडल्यावर गाडीत जीवच उरत नाही. ओढायचं अर्धा सेकंद, फार तर पाऊण. हँडब्रेक बटणावर असेल तर तो पूर्ण किंवा शून्य एवढाच लागतो, म्हणून नुसता टिचकीसारखा दाबा.

सरावाचा क्रम

आधी एका बिंदूभोवती गोल. दुसरा गिअर, रेस कमी-जास्त करत गोलाचा आकार एकसारखा ठेवायचा. डावीकडून सलग दहा गोल, मग उजवीकडून दहा. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते, तिला जास्त वेळ द्या. मग आठचा आकडा. इथे बाजू बदलताना रेस क्षणभर हलकी करायची, गाडीचं वजन पलीकडे जाऊ द्यायचं, स्टिअरिंग हातातून सुटू द्यायचं आणि ते पलीकडे पोचतं न पोचतं तोच पुन्हा रेस द्यायची. वर ज्याला चूक म्हटलं तोच झटका इथे मुद्दाम वापरतो आपण. आठ जमला की एकच वळण, आणि त्यानंतर दोन वळणं जोडणं. गेमच्या ड्रिफ्ट मोडमधल्या गुणांकडे तोवर बघू नका. गुणांच्या नादात कोन वाढतो आणि ताबा जातो.

सेटअप आणि पडदा

पहिले दहा तास गाडीच्या सेटअपला (तांत्रिक जुळवणीला) हात न लावलेला बरा. अपवाद दोन. डिफरन्शियलचं पॉवर लॉक (रेस देताना दोन्ही मागची चाकं किती एकत्र फिरतात ते) ९० टक्क्यांच्या खाली असेल तर वाढवा, नाहीतर आतलं एकटं चाक फिरत राहतं. आणि दुसरा गिअर लिमिटरला लागतो पण तिसऱ्यात गाडी दम सोडते असं होत असेल तर फायनल ड्राइव्ह (सगळ्या गिअरना लागू होणारं शेवटचं गुणोत्तर) आखूड करा. मागचे टायर फारच चिकटत असतील तर हवा ४-५ पीएसआयने वाढवून बघा. एका वेळी एकच बदल.

एकाच पडद्यावर खेळणाऱ्यांना वळणाचा शेवट दिसतच नाही, कारण ड्रिफ्टमध्ये रस्ता बाजूच्या काचेत असतो. कस्टम शेडर्स पॅचमधलं नेक एफएक्स चालू केलं की नजर वळणाकडे फिरते. फ्रेम घसरत असतील तर सावल्या आणि आरसे आधी कमी करा. चित्र मागे पडलं की हातही मागे पडतात.

ऑनलाइन जाताना

सर्व्हरवर घुसताच बाहेर फेकले जात असाल तर बहुतेक वेळा गाडीच्या मॉडची आवृत्ती जुळत नसते किंवा तुम्ही तिच्या फायलीत काहीतरी बदललेलं असतं. मूळ पॅक पुन्हा टाका. जोडीने ड्रिफ्ट करताना पुढच्याच्या मागच्या बंपरकडे टक लावू नका, तो जिथे आहे तिथेच तुम्ही जाऊन आदळता. त्याची पुढची चाकं बघा. ती सरळ व्हायला लागली की तो बाजू बदलणार आहे, आणि तुमची रेस तेव्हाच हलकी व्हायला हवी.