सांबऱ्याहून उड्डाण करताना ऑटोपायलटच्या या चुका टाळा

निपाणी, खानापूर, चिकोडी आणि खुद्द बेळगावात शहापूर-वडगावची मुलं घरच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन हे विमान उडवण्याचे खेळ लावतात आणि पहिलं उड्डाण साहजिकच आपल्या सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून करतात. मग प्रश्न येतो तो बहुतेक एकाच सुरात: "काका, सगळं व्हिडिओत दाखवल्यासारखंच केलंय, तरी ऑटोपायलट लावला की विमान खालीच जायलंय."

विमानात बिघाड नसतो. व्हिडिओतही चूक नसते. तो व्हिडिओ समुद्रकाठच्या एखाद्या विमानतळाचा असतो आणि आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,४८७ फूट उंच आहे. तिथले आकडे इथे उतरवले की ऑटोपायलट ते आकडे इमानेइतबारे पाळतो आणि तिथेच घोटाळा होतो. सीमाभागातल्या सगळ्याच विमानतळांना हे लागू आहे. कोल्हापूरचं उजळाईवाडी दोन हजार फुटांच्या जवळ, हुबळी त्याहून थोडी उंच, आणि बंगळूरला तर धावपट्टीच ३,००० फुटांवर.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण अर्धे गैरसमज तिथूनच सुरू होतात. प्रवासी विमानाचं उड्डाण वैमानिक हाताने करतो. जमिनीवर असताना ऑटोपायलट 'लावायचा' नसतो, त्याची तयारी करायची असते: वेग, दिशा, उंची, मार्ग हे सगळं भरून ठेवायचं आणि फ्लाइट डायरेक्टर चालू करायचा. तो पडद्यावर दोन पट्ट्या दाखवतो, त्या सांगतील तसं नाक धरायचं. ऑटोपायलटचं बटण दाबायचं ते हवेत गेल्यावर. धावपट्टीवर उभं राहून ते बटण (बोइंगमध्ये सीएमडी, एअरबसमध्ये एपी) दाबत बसणाऱ्याला विमान दाद देत नाही, आणि ते योग्यच आहे.

उंचीच्या खिडकीतला तो ३,०००

सगळ्यात जास्त उड्डाणं बिघडतात ती इथे, म्हणून जरा सविस्तर.

मुंबईच्या किंवा गोव्याच्या उड्डाणात पहिली उंची म्हणून ३,००० फूट लावलेली दिसते. दाबोळीवर ते ठीक आहे, कारण जमिनीपासून पावणेतीन हजारांहून जास्त फूट मोकळे मिळतात. सांबऱ्यावर तोच आकडा म्हणजे जमिनीपासून जेमतेम ५०० फूट. विमान मिनिटाला अडीच-तीन हजार फुटांच्या गतीने चढत असतं. त्यामुळे चाकं सुटली न सुटली तोच ते लावलेली उंची पकडायला लागतं. बोइंगमध्ये पडद्यावर वरच्या बाजूला 'एएलटी एसीक्यू' (उंची पकडतोय) उमटतं, एअरबसमध्ये 'एएलटी' आणि शेजारी तारा. नाक खाली येतं. इंजिनं मात्र अजून उड्डाणाच्या जोरावर असतात, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) बाहेर असतात, चाकंही कधी कधी आत गेलेली नसतात. वेग झपाट्याने वाढतो. ए३२० मध्ये फ्लॅप '१+एफ' वर असताना मर्यादा २१५ नॉट आहे, ती बघता बघता ओलांडली जाते आणि इशारा वाजायला लागतो. घाबरून मुलगा थ्रॉटल (इंजिनाच्या जोराचा दांडा) मागे ओढतो, नाक वर खेचतो, ऑटोपायलट सुटतो, आणि मग "विमान खालीच जायलंय".

उपाय सोपा आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जमिनीपासूनची उंची या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवा. खिडकीतला आकडा नेहमी समुद्रसपाटीपासूनचा. ऑनलाइन एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) असेल तर ते देतील ती उंची लावा. एकटेच उडत असाल तर सांबऱ्यावरून ७,००० फूट लावून निघा. जमिनीपासून साडेचार हजार फूट मिळतात, फ्लॅप आवरायला सवड मिळते आणि पश्चिमेला चंदगड-तिलारीच्या बाजूचा सह्याद्रीही आरामात खाली राहतो.

हाच घोळ एअरबसमध्ये आणखी एका जागी लपलेला असतो. एमसीडीयूच्या (मार्ग आणि आकडे भरायच्या कीपॅडच्या) टेक-ऑफ पानावर 'थ्रस्ट रिडक्शन' (इंजिनांचा जोर कमी करायची उंची) आणि 'अॅक्सेलरेशन' (वेग वाढवायची उंची) असे दोन आकडे असतात. तेही समुद्रसपाटीपासूनचे. सांबऱ्याला साधारण ३,९९० हवेत, म्हणजे विमानतळाची उंची अधिक दीड हजार. कुठल्या तरी व्हिडिओत १,५०० बघून इथे १,५०० टाकलं तर तो आकडा धावपट्टीच्याही खालचा झाला. चांगली विमानं तो स्वीकारतच नाहीत, आणि मुलं म्हणतात की एमसीडीयू बिघडला. मार्ग नीट भरला असेल तर विमान हे आकडे स्वतःच काढतं. त्यांना हात न लावणं हेच उत्तम. बोइंग ७३७ मध्ये मात्र हेच आकडे जमिनीपासूनचे असतात, तिथे १,५०० बरोबर. एकाचं ज्ञान दुसऱ्यावर लावू नका.

आणि क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात लावायचा हवेचा दाब. पावसाळ्यात हवेचा दाब उतरतो. समजा क्यूएनएच १००५ आहे आणि तुमचं उंचीमापक १०१३ वरच राहिलंय. मग उभ्या जागी ते सव्वादोनशे फूट जास्त दाखवेल, म्हणजे २,७०० च्या आसपास. ऑटोपायलट त्याच उंचीवर विश्वास ठेवून चालतो. पार्किंगमध्ये असतानाच बघा: उंचीमापक २,४८७ च्या जवळ आहे का? नसेल तर दाब चुकलाय. या एका नजरेने पुढचे बरेच प्रश्न वाचतात. ट्रान्झिशन उंचीही (जिथे क्यूएनएच सोडून १०१३ लावायचा ती) अनेक विमानांत अमेरिकेची १८,००० अशी आधीच भरलेली असते. आपल्याकडे ती बरीच खाली असते, चार्ट बघून बदला.

०८ की २६?

आपली धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे: पूर्वेकडे तोंड असेल तर ती ०८ (सुमारे ८० अंश), पश्चिमेकडे असेल तर २६ (सुमारे २६० अंश). पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा २६ वरून शहराच्या दिशेने उड्डाण. थंडीत पूर्वेचा वारा असला की ०८. सिम्युलेटर उड्डाण सुरू करताना एक धावपट्टी धरतो, तुम्ही बाहेरून आणलेल्या मार्गात दुसरीच असते, आणि वाऱ्याप्रमाणे तुम्ही विमान जमिनीवरून चालवत नेता तिसऱ्याच विचाराने. एफएमसीत (विमानाच्या मार्ग-संगणकात) ०८ आणि प्रत्यक्षात विमान २६ वर, असं झालं की एलनॅव्ह (भरलेल्या मार्गाने विमान नेणारा मोड) जागचा हलत नाही, किंवा उड्डाणानंतर विमान उलट्या दिशेला वळायला बघतं.

७३७ मध्ये एलनॅव्ह जमिनीवर सज्ज व्हायचा असेल तर मार्गात उड्डाणाची धावपट्टी भरलेली हवी आणि मार्गाचा पहिला टप्पा तिच्या दिशेशी पाच अंशांच्या आत जुळायला हवा. बंगळूरला जाताना २६ वरून निघालात तर बंगळूर तुमच्या डाव्या खांद्यामागे, आग्नेयेला आहे. पहिलाच बिंदू तिकडचा ठेवला आणि सरळ टप्पा दिलाच नाही, तर एलनॅव्हचं बटण कितीही दाबा, दिवा लागणार नाही. अशा वेळी हट्ट करू नये. दिशेच्या खिडकीत धावपट्टीची दिशा, २६० च्या आसपास, लावून निघावं, वर गेल्यावर हेडिंग सिलेक्टने (त्या खिडकीतली दिशा पाळणाऱ्या मोडने) डावीकडे वळावं आणि मग एलनॅव्ह घ्यावा. खरे वैमानिकही गरजेप्रमाणे असंच करतात.

एलनॅव्ह न लागण्याची आणखीही कारणं असतात. मार्ग बदलल्यावर तो पक्का करणाऱ्या 'एक्झेक' बटणाचा दिवा पेटलेला राहतो, ते दाबायचं राहून जातं. मार्गात मध्येच खंड राहतो. एअरबसमध्ये एखादा हौसेने दिशेचं बटण फिरवून ठेवतो, खिडकीत रेघांऐवजी आकडा येतो आणि नॅव्ह (एअरबसचा एलनॅव्ह) सज्जच होत नाही. तिथे बटण आत दाबलं की रेघा परत येतात.

बोइंगचं वेगळं, एअरबसचं वेगळं

७३७ चालू केल्यावर वेगाच्या खिडकीत १०० असतं. तिथे व्ही२ (उड्डाणाचा सुरक्षित वेग) भरायचा असतो, कारण उड्डाणानंतर डायरेक्टर व्ही२ अधिक वीस नॉट धरून नाक मागतो. १०० तसाच ठेवून उडणाऱ्याला पट्टी भलतीच वर दिसते आणि तो तिच्यामागे जाऊन वेग घालवतो. दोन्ही बाजूंचे फ्लाइट डायरेक्टर चालू, ऑटोथ्रॉटल (इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) 'आर्म' म्हणजे सज्ज स्थितीवर, मग धावपट्टीवर इंजिनं आधी ४० टक्क्यांवर स्थिर होऊ द्यायची आणि त्यानंतर टोगा (इंजिनांना उड्डाणाचा जोर देणारं बटण). थेट टोगा दाबला तर एक इंजिन आधी, एक नंतर जोर धरतं आणि विमान बाजूला ओढतं. ८४ नॉटला 'थ्रस्ट होल्ड' उमटलं म्हणजे ऑटोथ्रॉटलने हात सोडला, हे बरोबर आहे. ते पाहून "ऑटोथ्रॉटल बंद पडला" म्हणत पुन्हा दाबायला जाऊ नका.

जॉयस्टिकला टोगाचं बटण नेमलेलंच नसतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सेटिंगमध्ये 'टू जीए' शोधून एखादं बटण नेमून ठेवा.

ए३२० मध्ये ऑटोथ्रस्टचं (एअरबसच्या ऑटोथ्रॉटलचं) बटण उड्डाणासाठी दाबायचंच नसतं. लिव्हर फ्लेक्स (कमी केलेला उड्डाणाचा जोर) किंवा टोगाच्या (पूर्ण जोराच्या) खाचेत गेले की तो आपोआप सज्ज होतो. वर 'एसआरएस' (उड्डाणात वेग राखणारा मोड) दिसायला हवं. ते दिसत नसेल तर व्ही२ भरलेला नाही किंवा फ्लॅप लावलेले नाहीत, आधी तेच बघा. पण घरच्या उपकरणांवर खरी अडचण खाचांची असते. स्वस्त थ्रॉटलला खाचा नसतात. 'एलव्हीआर सीएलबी' लुकलुकायला लागल्यावर लिव्हर क्लाइंबच्या खाचेत आणायचे असतात आणि हाताला ते समजत नाही. थोडं कमी-जास्त झालं की ऑटोथ्रस्ट एकतर जोर धरत नाही किंवा विमान वेगाच्या मागे पळत राहतं. फ्लायबायवायरच्या मोफत ए३२० मध्ये टॅब्लेटवरच थ्रॉटल कॅलिब्रेशनचं पान आहे. प्रत्येक खाचेला थोडी रुंद जागा द्या, आणि थ्रॉटलवर क्लाइंबच्या जागी रंगीत चिकटपट्टी लावा. एवढ्याने अर्धा त्रास जातो.

बटण दाबलं, पण लागत नाही

७३७ मध्ये ४०० फुटांच्या वर, एअरबसमध्ये १०० फुटांच्या वर आणि जमीन सोडून पाच सेकंद झाल्यावर ऑटोपायलट घेता येतो. माझं म्हणणं, शिकत असताना हजार फुटांपर्यंत हातानेच उडवा, म्हणजे सांबऱ्यावर उंचीमापकात साडेतीन हजार. दाबण्याआधी पट्ट्या मध्यावर आणा. पट्टी एकीकडे आणि नाक दुसरीकडे असताना बटण दाबलं तर विमान जोरात झटका देऊन पट्टीकडे जाणार.

७३७ मध्ये सीएमडीऐवजी पिवळ्या अक्षरांत 'सीडब्ल्यूएस' (अर्धवट ऑटोपायलट, दांडा वैमानिकाच्या हाती) येत असेल तर तुमची जॉयस्टिक मध्यावर नाही. हात काढला तरी जुनी स्टिक किंचित कललेली राहते, आणि विमानाला वाटतं वैमानिक दांडा धरून आहे. संवेदनशीलतेच्या पानावर मधला मृत भाग (डेड झोन) पाचेक टक्क्यांनी वाढवा. एअरबसमध्ये ऑटोपायलट लागून मधेच सुटत असेल तर तिथेही आधी स्टिकवरच संशय घ्या. गेमपॅडवर हे जास्त होतं.

ट्रिम, म्हणजे नाक हवं तिथे आपोआप राहावं म्हणून केलेली शेपटीची जुळणी, विसरू नका. ७३७ ला टेक-ऑफच्या पानावर आलेला ट्रिमचा आकडा ट्रिमच्या चाकावर लावावा लागतो. चुकीच्या ट्रिमवर उडालात तर तुम्ही स्टिक दाबून धरलेली असते, ऑटोपायलट घेताना ती सोडता, आणि नाक उसळतं. सिम्युलेटरचे सहाय्याचे पर्यायही बंद ठेवा, मोठ्या विमानात ते ऑटोपायलटशी भांडतात.

उन्हाळ्यातलं सांबरा

एप्रिल-मे महिन्यात प्रत्यक्ष हवामान (लाइव्ह वेदर) चालू ठेवून उडत असाल तर हे वाचाच. ३६ अंश तापमानाला सांबऱ्याची हवा विमानाच्या दृष्टीने सुमारे ५,६०० फूट उंचीवर असावी इतकी विरळ होते. आणि धावपट्टी २,३०० मीटरची आहे, बंगळूरसारखी ४,००० मीटरची नाही. व्हिडिओतलं ६० अंशांचं फ्लेक्स तापमान (इंजिनांचा जोर किती कमी करायचा ते ठरवणारा आकडा) उतरवून, टाक्या काठोकाठ भरून निघालात तर विमान धावपट्टीच्या टोकाला कसंबसं उठतं, सुस्त चढतं, आणि मुलगा दोष देतो व्हीनॅव्हला (चढ-उतार सांभाळणाऱ्या मोडला). बंगळूर अडीचशे सागरी मैलांच्या आत आहे, त्याला दिल्लीचं इंधन कशाला? विमानासोबत आलेल्या टॅब्लेटवर गणक असेल तर तापमान, वारा, वजन भरून वेग आणि फ्लेक्स काढा. नसेल तर फ्लेक्स सोडा आणि टोगावर उडा.

आपल्याकडे लाईट जाते, इंटरनेट त्याहून जास्त जातं. इंटरनेट गेलं की प्रत्यक्ष हवामान बंद पडतं, दाब आणि वारा बदलतो, आणि तुम्ही मघाशी लावलेला क्यूएनएच चुकीचा ठरतो. जतन केलेलं उड्डाण पुन्हा उघडल्यावर तर बऱ्याच विमानांत वरच्या पॅनेलवरचे आकडे जसेच्या तसे परत येत नाहीत. अशा वेळी होते तसे असतील असं धरून निघू नका. दाब, व्ही२, दिशा, उंची, दोन्ही डायरेक्टर, ऑटोथ्रॉटल, एफएमसीतली धावपट्टी आणि खिडकीबाहेर धावपट्टीवर रंगवलेला आकडा, या क्रमाने बोट ठेवून मोठ्याने वाचा, आणि मगच ब्रेक सोडा.