धुमसणाऱ्या ब्रिकेटवर सापडलेला उपाय
खोली उबदार ठेवण्यासाठी आम्ही बंद शेगडीत लाकडी भुशाच्या ब्रिकेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या विटा, जाळतो. मध्यंतरी त्या नुसत्याच धुमसू लागल्या आणि शेगडीच्या काचेवर काजळी धरू लागली. एक ब्रिकेट हातात घेऊन पाहिली, तर तिच्या कडा फुगून भुगा सुटत होता. चांगल्या ब्रिकेटमध्ये ओलावा साधारण १० टक्क्यांहून कमी असतो. पण दाबाने व उष्णतेने मऊ झालेल्या लिग्निननेच (लाकडातील नैसर्गिक बांधणाऱ्या घटकाने) भुसा एकसंध धरलेला असल्यामुळे ओल लागताच ब्रिकेट विस्कटते. म्हणून साठा जमिनीपासून उंच फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचला. जळताना ब्रिकेट फुगतात, त्यामुळे आता सुक्या काटक्यांवर मोजकेच तुकडे मोकळे ठेवतो आणि ज्वाळा नीट धरेपर्यंत हवेची झडप पूर्ण उघडी ठेवतो. ती घाईने बंद करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. काच आता स्वच्छ राहते.