नोकरी सांभाळून मित्रांसोबत मोबाइल गेम काढताय?

कोड लिहायच्या आधी आपापलं ऑफर लेटर बाहेर काढा. आयटीतल्या करारांत बरेचदा एक कलम असतं: नोकरीत असताना बनवलेलं सगळं कंपनीचं. तेव्हा लेखी परवानगी घ्या आणि ऑफिसच्या लॅपटॉपला हातही लावू नका. आमच्यातला एक म्हणाला, "रात्री कोण बघतंय?" अरे बाबा, लॅपटॉपवरच्या प्रत्येक कामाची नोंद ठेवणारे लॉग बघतात!

दोस्ती आहे म्हणून हिशेब तोंडी नको. कुणाचा किती वाटा, कुणी मध्येच सोडलं तर चित्रं नि कोड कुणाचे, हे कागदावर हवं. इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, गोडो (Godot) घ्या. फुकट, रॉयल्टीही नाही. गेम प्रकाशित करायला लागणारं गूगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दरवर्षी ९९, म्हणून आधी अँड्रॉइड.

खरी मेख पुढे आहे. प्लेवर नवं वैयक्तिक खातं असेल तर किमान १२ जण सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंगमध्ये (फक्त निवडलेल्या लोकांकडून होणाऱ्या चाचणीत) लागतात, त्याशिवाय प्रकाशनाचा अर्जच करता येत नाही. पंधरा-सोळा जण धरा, दोघं-तिघं गळतातच. त्यात गेम न खेळणारं एक माणूस हवंच. आमच्या मावशीने सगळ्यात जुन्या फोनवर खेळून विचारलं, "हे 'पुन्हा खेळा' माझ्या अंगठ्याखालीच का येतं रे?" बटण त्याच रात्री वर सरकवलं.