तुकड्यांच्या गोधडीसाठी कापड कसं बेतावं

तुकड्यांची गोधडी वेडीवाकडी झाली की दोष मशीनला दिला जातो. माझ्याकडे कुणी अशी गोधडी घेऊन आलं, तर मी उरलेले तुकडे मागून घेते, एकावर एक रचते आणि कडा बघते. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. इंचाचे आठ सूत. एका तुकड्यात अर्ध्या सुताचा फरक डोळ्यांना दिसतही नाही, पण रांगेत असे पंधरा तुकडे आले की साडेसात सूत होतात, म्हणजे जवळजवळ एक इंच. एक रांग इंचभर लांब आणि तिच्याखालची बरोबर मापाची, मग जोडताना चुण्या पडणारच.

कात्री हातात घेण्याआधी कापड तयार करा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून ते आधी भिजवून, धुवून वाळवायचं. लाल आणि निळ्या कापडाचा ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग उतरला तर ते वेगळं धुवा. मग साबुदाण्याची पातळ खळ द्या. खळीचं कापड कात्रीखाली सरकत नाही, रेघही स्वच्छ उमटते. हे काम मी कधीच टाळत नाही. इस्त्री करताना ती कापडावर ओढू नका. दाबा, उचला, पुढे ठेवा.

जुनी साडी असेल तर ती उजेडासमोर धरा. जिथे विरली आहे तिथून पलीकडचा प्रकाश दिसतो. तो भाग बाजूला काढा. काठ वेगळा कापून घ्या, कारण तो अंगापेक्षा घट्ट विणलेला असतो आणि एकाच तुकड्यात दोन्ही आले की तुकडा ओढला जातो. खणाच्या कापडाच्या दशा पटकन सुटतात. असे तुकडे कापले की लवकर शिवून टाका, सारखे हाताळू नका.

आता धागा. माझ्या मते सगळं काम याच्यावर उभं आहे. उभा धागा ताणला तरी फारसा हलत नाही, आडवा किंचित देतो, आणि तिरका, ज्याला शिंपी उरेब म्हणतात, तो हातातल्या हातात वाढतो. पट्टी लावून चौकोन अगदी मापात कापला, पण धागा तिरका राहिला, तर त्याच्या चारही कडा थोड्याफार उरेबात येतात आणि शिवताना त्याचं माप बदलतं. म्हणून आधी धाग्याची सरळ कड काढा. किनारीजवळ लहानसा काप द्या, एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढा. कापडात रेघ पडते, तीच तुमची सरळ रेघ. पॉपलिनसारखं कापड टरकन फाडलं तरी सरळ जातं, पण फाडलेली कड ताणलेली असते. तिथला अर्धा इंच कापून टाका. कापडच तिरकं गेलं असेल तर ते ओलसर असताना दोघींनी समोरासमोरचे कोपरे धरून ओढायचं. मी आणि माझ्या जाऊबाई हे अंगणात करतो. शेवटी किनार कापून टाका. ती तुकड्यात घेऊ नका.

मापाचा हिशेब सोपा आहे. शिवून झाल्यावर चार इंचांचा चौकोन हवा, तर चारही बाजूंना दोन-दोन सूत शिवण धरून तो साडेचार इंचांचा कापायचा. चव्वेचाळीस इंची पन्ह्यात असे नऊ तुकडे बसतात. ६० बाय ८८ इंचांच्या गोधडीला पंधरा तुकड्यांच्या बावीस रांगा, म्हणजे ३३० तुकडे लागतात. कापड सव्वाचार मीटरच्या आत भागतं, पण धुणं आणि कडा काढणं धरून मी साडेचार मीटर घेते.

त्रिकोण हवा असेल तर चार इंचांच्या चौकोनासाठी चार इंच सात सुतांचा चौकोन कापून कोपऱ्यातून कोपऱ्यात चिरा. इथे अर्धा इंच वाढवून भागत नाही, कारण तिरक्या कडेचीही शिवण जाते आणि ती टोकांना जास्त जागा खाते. ती कड उरेबात असते. तिला शिवेपर्यंत ओढू नका.

कापडी टेप वापरून वापरून वाढतो, म्हणून कापायला स्टीलची पट्टी घ्या आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच वापरा. जुन्या एक्स-रे फिल्मचा साचा सर्वांत चांगला. पुठ्ठ्याच्या कडा पेन्सिलीने झिजतात आणि साचा हळूहळू लहान होतो. साडेचार इंचांच्या चौकोनाचा कर्ण सहा इंच तीन सूत भरतो. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच साचा कापडावर ठेवा. रेघ टोकदार पेन्सिलीने किंवा साबणाच्या पातळ चिपेने ओढा, आणि रेघेच्या आतल्या अंगाने कापा. बोथट खडूची रेघच एक सूत जाड होते.

कापायला टेबल घ्या. कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकलेलं राहू द्या, कापड उचलू नका. एका वेळी दोन थर, फार तर चार. त्याहून जास्त घेतले की खालचा तुकडा वरच्यापेक्षा वेगळा निघतो. फिरत्या पात्याचा कटर, त्याची मॅट आणि जाड ॲक्रिलिक पट्टी असेल तर काम झटपट होतं, पण धाग्याची दिशा तो कटरही बघत नाही.

हाताने धावदोरा घालणारीची पद्धत थोडी वेगळी. तिने साचा चार इंचांचाच करावा, कापडाच्या उलट्या बाजूवर आखावा आणि भोवती दोन सूत नजरेने सोडून कापावं. तिची रेघ शिवणीची असते, त्यामुळे कापण्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

मशीनवाल्यांनी सगळं कापण्याआधी चाचणी घ्यावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडा, इस्त्री करा, मधली मोजा. ती बरोबर एक इंच आली पाहिजे. कमी आली तर शिवण एक-दोन धागे बारीक घ्या. दुमडीतही तेवढं कापड जातं.

कडेच्या पट्ट्या आधी कापून ठेवू नका. सगळे तुकडे जोडून झाल्यावर गोधडी सपाट पसरा आणि लांबी-रुंदी मधून मोजा, कडेने नाही. कड हाताळून ताणलेली असते. मधलं जे माप येईल त्या मापाच्या पट्ट्या उभ्या धाग्यावर कापा आणि गोधडीची कड टाचण्यांनी त्यांच्यात बसवून घ्या.