गोगलगायीची नवी जात जर्नलला पाठवायचीय? मग आधी नमुने सांभाळा

नवी जात हाती लागली असं वाटलं की पहिलं सुचतं ते नाव. ते राहू दे बाजूला. शंख-शिंपल्यांच्या जर्नलमधे पेपर अडकतो तो बहुतेक वेळा नमुन्यांपाशी, आणि तिथली चूक नंतर सुधारता येत नाही.

जिवंत गोगलगाय थेट अल्कोहोलमधे टाकू नका, ती आक्रसून शंखात आत जाते आणि मग डिसेक्शन करताना काहीच धड दिसत नाही. आधी पाण्यात थोडं मेंथॉल घालून तिला काही तास ठेवा, शरीर सैल होऊन बाहेर आलं, स्पर्श केला तरी हलत नाही म्हटल्यावर अल्कोहोल. डीएनएसाठी पायाचा छोटा तुकडा कापून ९५ टक्के इथेनॉलमधे वेगळा ठेवा, बाकी शरीर ७० टक्क्यात चालतं. फॉर्मॅलिन नकोच, डीएनए खराब होतो आणि अ‍ॅसिडिक झालं की शंखही झिजतो. जागा, तारीख, कोणी गोळा केलं हे त्याच दिवशी लेबलवर लिहा, प्लीज, नंतर आठवून लिहिलेल्या लेबलवर कोण विश्वास ठेवणार.

मग तुलना. नुसत्या शंखावर विसंबू नका, वेगळ्या जातींचे शंख सेम दिसू शकतात आणि एकाच जातीत आकार-रंग भरपूर बदलतो. जमिनीवरच्या गोगलगायींत जननेंद्रियांची रचना फार कामाची असते, सोबत रॅड्युला म्हणजे दातांची पट्टी, आणि जमलं तर सीओआय जनुक (जाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा). जुनी नावं मोलस्काबेसवर (शंख-शिंपल्यांच्या नावांची ऑनलाइन यादी) तपासा, पण मूळ वर्णन स्वतः वाचा, आणि टाइप नमुन्याचे, म्हणजे ज्यावर त्या जातीचं नाव बेतलंय त्या नमुन्याचे, फोटो म्युझियमकडून मागवा.

फोटोत शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे, बाजूला स्केल. फोटो चुकून आडवा फ्लिप झाला तर उजव्या वळणाचा शंख डाव्या वळणाचा दिसतो! हे अगदी शेवटी परत एकदा बघाच.

आता प्राण्यांना नाव देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम. १९९९ नंतर नव्या जातीसाठी होलोटाइप (नावाचा आधार असलेला एकच नमुना) किंवा सिनटाइप (आधार म्हणून घेतलेले अनेक नमुने) स्पष्ट सांगावे लागतात आणि ते कुठल्या संग्रहात ठेवले किंवा ठेवणार हेही लिहावं लागतं. होलोटाइप एकच ठरवा आणि म्युझियमचा नंबर पेपर लिहायच्या आधीच घ्या. जर्नल फक्त ऑनलाइन निघत असेल तर प्रकाशनाआधी झूबँकवर (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी हवी आणि तिचा पुरावा पेपरात दिसला पाहिजे, नाहीतर नाव ग्राह्यच धरलं जात नाही. जातीचं नाव लॅटिन विशेषण असेल तर त्याचं लिंग प्रजातीच्या (जीनसच्या) नावाशी जुळवा. आणि ‘लिसाकॅटिना फुलिका (बॉडिच, १८२२)’ यातला वर्णन करणाऱ्याचं नाव आणि वर्ष यांभोवतीचा कंस शोभेचा नाहीये, जात मूळ वेगळ्या प्रजातीत होती एवढं तो सांगतो, तेव्हा उगाच काढू किंवा घालू नका.

जर्नल निवडताना अलीकडचे चार-पाच अंक चाळा. ‘जर्नल ऑफ मोलस्कन स्टडीज’ किंवा १८८९ पासूनचं ‘द नॉटिलस’ अशी नावं समोर येतीलच, पण तुमच्या गटावर तिथे काय छापून येतंय ते बघा आणि त्यांच्याच सूचनांप्रमाणे वर्णनाचा क्रम लावा. कव्हर लेटरमधे सर्वात जवळची जात कोणती आणि तुमची तिच्यापासून कशी वेगळी, हे दोन ओळीत लिहा, संपादक आधी तेच शोधतो.