दारू सोडायची आहे? एएच्या मीटिंगला पहिल्यांदा जाताना

गटारीला मनसोक्त प्यायची, श्रावणभर हात लावायचा नाही आणि महिना सरला की पुन्हा गुत्ता गाठायचा. 'महिनाभर राहतो ना? मग दारू माझ्या ताब्यात आहे,' हे वर ऐकवायचं. पण प्रश्न त्या एका महिन्याचा नसतो, उरलेल्या अकरांचा असतो. ते अकरा महिने एकट्याने जमत नसतील, तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची मीटिंग हा बिनपैशाचा रस्ता आहे.

आधी डॉक्टर

सकाळी घोट घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसतील, तर आजपासून एकदम बंद असं घरच्या घरी करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भास, भ्रम, कुठे आहोत याचं भान सुटणं, असंही होऊ शकतं. यात जीव जाऊ शकतो. आधी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जा आणि रोजची दारू किती ते खरं सांगा. एएच्या गटात डॉक्टर नसतो, सारे पूर्वीचे पिणारेच असतात.

'न कळत दारू सोडवा' अशा जाहिरातींच्या नादी लागू नका. नवऱ्याच्या वरणात चोरून औषध मिसळणं धोक्याचं आहे. दारूची शिसारी आणणारी गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला माहीत असतानाच द्यायची असते. तिच्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो.

मीटिंग शोधा

1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून एए उभं राहिलं. भारतात ते 1957 पासून आहे. एए इंडियाच्या संकेतस्थळावर गावाप्रमाणे मीटिंगची ठिकाणं आणि फोन मिळतात. केंद्र सरकारच्या नशामुक्तीच्या 14446 या मोफत क्रमांकावरही विचारता येईल. पुणे परिसरात असाल, तर 1986 पासून चालणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी करा. जवळपास काहीच नसेल तर ऑनलाइन मीटिंग असते, पण जाता येत असेल तर समोरासमोरच बसा.

निघण्याआधी फोन करा. जागा आणि वेळ बदललेली असते, आणि बंद दाराला लावलेलं कुलूप पाहून परत फिरायला आपल्याला निमित्तच हवं असतं! मीटिंग कोणत्या भाषेत चालते ते विचारा. मनातलं बोलायचं तर ते मराठीतच निघतं. बाई असाल तर तिथे बायका येतात का, हेही विचारा. मीटिंग 'ओपन' आहे की 'क्लोज्ड', हे कळून घ्या. ओपनला घरचं माणूस सोबत चालतं, क्लोज्डला फक्त ज्याला दारू सोडायची आहे तोच.

आत काय होतं

जागा बहुधा शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल असते. लहान मुलांच्या बाकांवर पन्नाशीचे बाप्ये गुडघे मुडपून बसलेले दिसतील. कोणी ड्रायव्हर, कोणी बँकेतला, कोणी नुकताच वॉर्डातून सुटलेला. नाव पहिलंच पुरतं. आडनाव, हुद्दा, जात कोणी विचारत नाही. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, तीत मेंबर ऐपतीप्रमाणे पैसे टाकतात. नव्याने टाकायलाच हवेत असं नाही.

एकजण उठतो, नाव सांगतो, आपण दारुडे आहोत हे सांगतो आणि दारूने काय काय नेलं ते बोलू लागतो. मधे कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमच्याकडे वळले तर 'आज ऐकायला आलोय' एवढं म्हटलं तरी चालतं. प्रार्थना असते, 'उच्च शक्ती' हा शब्द येतो. देव न मानणारे तिथे बिचकतात, पण ती शक्ती ज्याने त्याने आपापली ठरवायची असते. गळ्यात माळ घातलेलेही येतात आणि नास्तिकही.

माझ्या मते खरी मीटिंग संपल्यावरच्या चहात होते. लगेच सटकू नका. दोघा-तिघांचे फोन नंबर घ्या, संध्याकाळी तलप आली की त्यातला एक लावा. पुढे त्यातलाच एखादा, बरीच वर्षं न प्यायलेला, तुमचा स्पॉन्सर, म्हणजे दारूपासून दूर राहायला सोबत करणारा जुना मेंबर, होऊ शकतो. पहिला गट पटला नाही तर दुसरा बघा. काही गटांत एकच म्हातारा तासभर बोलतो, ते काही एए नव्हे.

घरच्यांनी

पिणाऱ्याला दंडाला धरून नेलं तर तो खुर्चीत बसेल, ऐकणार नाही. त्याच्याआधी स्वतः जा. दारुड्याच्या घरच्यांसाठी अल्-ॲनॉन हे वेगळे गट आहेत. तो येवो न येवो, तिथे जाता येतं. साहेबाला खोटं कारण सांगणं, उधारी फेडणं कसं थांबवायचं, हे तिथल्या बायका एकमेकींना सांगतात.

मधेच प्यायलात तर

तरी जा. त्या दिवशी बोलायला मिळणार नाही कदाचित, मागच्या बाकावर बसून ऐकायला सांगतील. गोंधळ घातला नाहीत तर कोणी बाहेर काढत नाही. घरी परतताना एक नंबर लावा आणि पुढची मीटिंग कधी ते विचारून ठेवा.